दोष आणि कारण

दरवर्षी जानेवारी महिना उजाडला की रस्ता सुरक्षेचे अभियान सुरू होते. पूर्वी हा सोहळा एका सप्ताहाचा असे. अलीकडे तो महिन्याचा झाला आहे. शाळा-महाविद्यालयांतून व्याख्याने होतात, निबंधस्पर्धा होतात, विद्यार्थी हेल्मेट घालून दुचाकींची फेरी काढतात, आणि शेवटी सर्वजण उजवा हात पुढे करून शपथ घेतात. आमच्या नगर जिल्ह्यात (त्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे) हाच काळ साखर कारखान्यांच्या गळिताचा असतो. दुपारी सभामंडपात शपथ घेतली जाते, आणि त्याच दिवशी सायंकाळी बाहेरच्या रस्त्यावरून उसाने शिगोशीग भरलेल्या जोडट्रॉल्या, मागे ना दिवा ना परावर्तक पट्टी अशा स्थितीत, अंधारात चाललेल्या असतात. या दोन दृश्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे काय, आणि असल्यास तो कोणी तपासावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहता हा एखाद्या सरकारी खात्याच्या जमाखर्चाचा प्रश्न वाटेल. परंतु तो मुळात नीतिशास्त्राचा प्रश्न आहे, असे आमचे मत झाले आहे. आणि ते कसे झाले हे सांगण्यासाठी एक प्रसंग प्रथम निवेदन करणे अवश्य आहे.

अशाच एका समारंभास आम्ही निबंधस्पर्धेचे परीक्षक म्हणून गेलो होतो. वक्त्यांनी वेगाच्या दुष्परिणामांचे प्रभावी वर्णन केले, तरुणांच्या बेफिकिरीवर कोरडे ओढले, टाळ्या पडल्या. सभा आटोपल्यावर एक शेतकरी गृहस्थ आमच्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांचा धाकटा मुलगा स्पर्धेत होता. थोरला दोन वर्षांपूर्वी रात्री दुचाकीवरून घरी येताना, रस्त्यात बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळून जागीच गेला होता. पोलिसांच्या कागदात, भरधाव वेगाने व हयगयीने वाहन चालवून तो स्वतःच्याच मरणास कारणीभूत झाला, अशी नोंद होती. ते म्हणाले, "सर, पोरगं जोरात व्हतं, डोक्याला हेल्मेट बी नव्हतं, चूक त्याचीच, मी न्हाई म्हनत न्हाई. पन ती बिनदिव्याची ट्रॉली तिथं कुनी उभी केली, ते कागदावर का न्हाई?"

तर्कशास्त्राचे पाठ तीस वर्षे देऊनही आम्हांस त्या वेळी उत्तर सुचले नाही. त्या गृहस्थांना भरपाई नको होती, सहानुभूतीही नको होती. पुत्राचा दोष त्यांनी आपण होऊन कबूल केला होता. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, दोष लिहिला म्हणून कारण लिहिले असे होत नाही. ज्या भेदावर आम्ही वर्गात तासचे तास घालवितो तो भेद त्यांनी एका वाक्यात मांडला होता. आणि आमच्या देशातील रस्ता सुरक्षेच्या साऱ्या उपक्रमांचे मूल्यमापन याच भेदापाशी येऊन अडते.

प्रथम घडलेले काय ते पाहू. २०१० साली राष्ट्रीय रस्ता सुरक्षा धोरण मंजूर झाले. त्या साली देशातील रस्त्यांवर १,३४,५१३ माणसे मृत्यू पावली. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २०११ ते २०२० हे कृतीचे दशक म्हणून जाहीर केले. आणि २०१५ साली ब्राझीलिया येथील घोषणेत सहभागी होऊन, २०२० पर्यंत मृत्यूंची संख्या निम्म्यावर आणण्याचा संकल्प आपण सोडला. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन दंड अनेक पटींनी वाढले. त्याच वर्षी मृत्यूंचा आकडा दीड लाखाच्या वर होता. टाळेबंदीच्या वर्षी तो खाली आला. पण २०२२ साली १,६८,४९१ झाला आणि २०२३ साली १,७२,००० च्याही पुढे गेला. एकट्या महाराष्ट्रात वर्षाकाठी पंधरा हजारांवर माणसे अशी जातात. हे सरकारी आकडे झाले. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज याहून बराच मोठा असून २०२१ या वर्षासाठी तो दोन लाखांच्या वर आहे. निम्म्याचा संकल्प आता २०३० पर्यंत पुढे ढकलला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांनी लोकसभेत मान्य केले की अपघात घटण्याऐवजी वाढले आहेत. ही कबुली आम्ही त्यांच्या उणेपणात जमा करीत नाही. अपयश मोकळेपणी सांगणे ही सुधारणेची पहिली पायरी असते, आणि आपल्या सार्वजनिक जीवनात ती पायरी क्वचितच चढली जाते.

तथापि एवढ्यावरून सर्व उपक्रम निष्फळ ठरले असे म्हणणे हाही उतावीळपणा होईल. या अवधीत वाहनांची संख्या दुपटीहून अधिक झाली. उपक्रम झालेच नसते तर कदाचित मृत्यू आणखी वाढले असते. येथेच खरी तात्त्विक अडचण उभी राहते. कोणत्याही उपायाचे फल ठरवावयाचे तर घडले त्याची तुलना, उपाय न करता जे घडले असते त्याच्याशी केली पाहिजे. आणि जे घडले असते ते कोणी पाहिलेले नसते. या न पाहिलेल्या गोष्टीविषयी वाटेल ते बोलता येते, म्हणून मूल्यमापनात प्रामाणिकपणाची जेवढी कसोटी लागते तेवढी अन्यत्र क्वचितच लागत असेल.

उदाहरणार्थ, अधिकारी कधीकधी असे सांगतात की दर दहा हजार वाहनांमागे होणारे मृत्यू घटले. विधान खरे असते. परंतु १९४९ साली आर. जे. स्मीड या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने वीस देशांचे १९३८ सालचे आकडे ताडून असे दाखविले होते की, देशात वाहने जसजशी वाढतात तसतसे प्रत्येक वाहनामागील मृत्यू घटत जातात. लोकांना वाहनांची सवय होते, एका घरात दोन दोन वाहने येतात व त्यांतील एक उभेच असते. स्मीडच्या सूत्रावर पुढे पुष्कळ आक्षेप आले. तरी त्यातील इशारा शिल्लक राहतो. जी घट कोणीही काही न करता झाली असती तिचे श्रेय अभियानाच्या पदरात घालणे, म्हणजे पहाट झाल्याचे श्रेय कोंबड्यास देणे होय.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे व ते आता या शास्त्रात प्रसिद्ध झाले आहे. १९५५ साली कनेक्टिकट राज्यात रस्त्यांवर ३२४ मृत्यू झाले. राज्यपाल रिबिकॉफ यांनी अतिवेगाने वाहन हाकणाऱ्यांचे परवाने स्थगित करण्याची कडक मोहीम काढली. १९५६ साली मृत्यू २८४ झाले. चाळीस जीव वाचले, मोहीम यशस्वी झाली, असे जाहीर करण्यात आले. १९६८ साली कॅम्पबेल व रॉस या दोन विद्वानांनी तेच आकडे पुन्हा हाती घेतले. त्यांनी फक्त दोन वर्षे न पाहता मागची-पुढची अनेक वर्षे पाहिली आणि शेजारची राज्येही पाहिली. तेव्हा असे दिसले की १९५५ हे वर्षच विलक्षण वाईट होते, आणि अशा वर्षानंतरचे वर्ष बहुधा आपोआपच बरे निघते. शिवाय शिक्षा कडक होताच आरोपी निर्दोष सुटण्याचे प्रमाण वाढले, व परवाना स्थगित असताही वाहन चालविणारे वाढले. मोहिमेचा काहीच उपयोग झाला नाही असे त्यांनी म्हटले नाही. जेवढा सांगितला गेला तेवढा सिद्ध होत नाही, एवढेच म्हटले. आपल्याकडे २०१९ च्या वाढीव दंडांचे काय झाले ते आठवावे. लोकक्षोभाच्या भीतीने महाराष्ट्रातच त्यांची अंमलबजावणी २०२१ च्या डिसेंबरपर्यंत लांबली. शिक्षा जितकी भयंकर तितका ती देणारा हात कचरतो, हा अनुभव देशकालातीत दिसतो.

हाच तर्कदोष आपल्या अगदी दारापर्यंत आला आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या ज्या सुमारे पाचशे मीटर तुकड्यावर तीन वर्षांत पाच गंभीर अपघात अथवा दहा मृत्यू होतात, त्यास अपघातप्रवण स्थळ म्हणतात. अशी स्थळे निवडून तेथे फलक लावतात, गतिरोधक घालतात, आणि पुढील वर्षी अपघात घटले म्हणजे उपाय लागू पडला असे नमूद करतात. पण सर्वांत वाईट स्थळेच निवडली असता त्यांतील काही, फलक न लावताही, पुढील वर्षी सुधारलेली दिसणारच. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजानजीक, बस उलटून व पेटून २५ प्रवासी मृत्यू पावले. त्यानंतर काही दिवसांतच त्या भागात रस्त्याकडेला एक मंत्रसिद्ध यंत्र पुरण्यात आले, व यापुढे तेथे अपघात होणार नाही असे सांगण्यात आले. अंधश्रद्धेविरुद्धच्या कायद्याखाली त्याबद्दल गुन्हाही नोंदला गेला, व सुशिक्षितांनी त्या प्रकारास यथेच्छ हसून घेतले. आम्हीही हसलो. परंतु नंतर मनात आले की, त्याच जागी पुढील वर्षभर अपघात झाला नसता, तर यंत्रवाल्यांचा पुरावा आणि आपल्या कित्येक अहवालांतील पुरावा यांत फरक तो कोणता राहिला असता? उपाय केला, नंतर अपघात झाला नाही, सबब उपायाने अपघात टळला: अनुमानाचा सांगाडा दोन्हीकडे एकच आहे. फलकाने उपयोग होण्याचा संभव आहे व यंत्राने नाही, हे खरे. पण तो संभव सिद्ध करण्याचे कष्ट न घेता आपण निष्कर्ष काढतो, तेव्हा बुद्धिवादाची वस्त्रे नेसून आपणही यंत्रच पुरीत असतो.

यावर कोणी सहृदय मनुष्य म्हणेल की, माणसांच्या जिवाचा असा कोरडा हिशेब कशाला? अभियानाने एक जीव वाचला तरी पुष्कळ झाले. हा आक्षेप भावनेने उदात्त आहे, पण आम्हांस तो नीतीच्या दृष्टीने सदोष वाटतो. द्रव्य, पोलीस, इंजिनियर आणि लोकांचे लक्ष ही सर्व मर्यादित आहेत. ज्या उपायाने काही साधत नाही त्यावर ती खर्च झाली, म्हणजे ज्या उपायाने साधले असते तो तितका राहून गेला. आणि त्यामुळे जे गेले त्यांची नावे कोणत्याही अहवालात येत नाहीत. मेलेल्यास नाव असते, छायाचित्र असते, रडणारे घर असते. वाचलेल्यास आपण वाचलो हे ठाऊकच नसते. तो सायंकाळी नेहमीप्रमाणे घरी येतो आणि जेवावयास बसतो. या अज्ञात माणसाच्या वतीने बोलणारा कोणी नसतो. त्याची बाजू मांडणारे साधन एकच, आणि ते म्हणजे काळजीपूर्वक केलेली मोजणी. म्हणून अशी मोजणी करणे हे आम्ही दयेचेच एक रूप समजतो.

आता दोष व कारण यांच्या मूळ भेदाकडे वळू. यासाठी आम्हांस नगर जिल्ह्याबाहेर जावयाचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगरच्या हमरस्त्यावर नेवासे फाटा लागतो. तेथून जवळच प्रवरेच्या काठी नेवासे आहे. तेथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेच्या ज्या अठराव्या अध्यायावर तो ग्रंथ संपतो त्यात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे गणली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. आणि ही पाच असताना जो एकट्या आत्म्यासच कर्ता समजतो त्याची दृष्टी शुद्ध नाही, असा तेथे अभिप्राय आहे. हा विचार तेथे मोक्षाच्या संदर्भात आला आहे, अहंकाराचे निरसन हा त्याचा हेतू आहे, हे आम्ही जाणतो. तरी त्याचा व्यवहारातील अर्थ घेण्यास प्रत्यवाय नसावा. रस्ता हे अधिष्ठान, चालक हा कर्ता, वाहन हे करण, वळणे-थांबणे-ओलांडणे या चेष्टा. आणि पाचवे दैव, म्हणजे या चारांच्या पलीकडचे जे आपल्या हाती नाही ते.

या पंचकाचा काटा लावून आपली सरकारी नोंद पाहावी. २०२२ सालच्या नोंदीप्रमाणे शंभरांतील एकाहत्तर मृत्यू अतिवेगाने झाले. हे आकडे मुख्यतः पोलिसांच्या कागदांतून येतात, आणि त्या कागदांचा हेतू गुन्हेगार शोधणे हा असतो. तो हेतू गैर नव्हे. परंतु ज्या जाळ्याची भोके फक्त कर्ता सापडावा अशी विणली आहेत, त्यात अधिष्ठान आणि करण कसे सापडणार? मग त्याच नोंदीवरून राष्ट्राचे धोरण ठरते, चालकास उपदेश करणारी अभियाने निघतात, व ती फसली म्हणजे लोकांस शिस्त नाही असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. त्याच वर्षी मेलेल्यांत शंभरांतील एकोणीस-वीस जण पायी चालणारे होते. मुंबई-पुण्याहून पालख्या घेऊन शिर्डीस निघालेली पायी चालणारी मंडळी ज्यांनी रात्री रस्त्याच्या कडेने जाताना पाहिली आहेत, त्यांनी सांगावे की त्यांच्या पायांखाली चालण्याजोगी वाट कितीशी होती. अधिष्ठानाचा हा दोष कोणत्या शपथेने जाणार?

स्वीडन देशाने १९९७ साली कायदेमंडळात एक ठराव मान्य केला. त्याचे सार असे की, माणूस चुकणारच हे गृहीत धरून, त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू होऊ नये असे रस्ते व वाहने करणे ही ती करणारांची जबाबदारी आहे. यावर आमच्या काही मित्रांचा आक्षेप असा की, अशाने व्यक्तीची जबाबदारी विरघळून जाईल. तरुण म्हणेल, रस्ता चांगला करा, मग मी सावकाश जाईन. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु जबाबदारी ही काही भाकरी नव्हे, की चौघांनी खाल्ली म्हणजे प्रत्येकास चतकोर यावी. कर्त्याची जबाबदारी त्याच्याकडे पूर्णच राहते. हेल्मेटने दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी घटतो असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून दिसून आले आहे. तेव्हा ते न घालणाराने दैवाकडे बोट दाखवू नये. पण कर्ता चुकला म्हणून ट्रॉलीचा मालक, तिला दिवा नसताना उसाचे वजन करून घेणारा कारखाना, आणि तिला रस्त्यावर येऊ देणारे अधिकारी यांची जबाबदारी कमी होत नाही. दोष एकाच्या पदरी घालून बाकीच्यांनी हात धुणे सोपे असते. ते सोपे आहे म्हणूनच आपल्याला इतके प्रिय झाले आहे.

मोजणी करून व पाचही कारणांकडे पाहून काम केले तर काय होते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ मृत्यू झाले. त्या वर्षापासून तेथे रस्ते विकास महामंडळ, पोलीस व एक सेवाभावी संस्था यांनी मिळून शून्य मृत्यूचे ध्येय ठेवून काम आरंभिले: उघड्या खांबांपुढे व कठड्यांच्या टोकांपाशी संरक्षक अडथळे घातले, थांबलेली वाहने हटविण्याची व्यवस्था केली, गस्त व रुग्णवाहिका वाढविल्या. टाळेबंदीचे वर्ष सोडून दिले तरी २०१९ अखेर हा आकडा शंभराच्या आत आला होता. वर सांगितलेल्या शंका येथेही विचारल्या पाहिजेत. २०१६ हे वर्षच वाईट नव्हते ना, हे पाहिले पाहिजे. तरी घट एका वर्षाची नसून टिकलेली आहे, आणि प्रत्येक उपाय कोणते कारण दूर करण्यासाठी होता हे सांगता येते. म्हणून त्यावर विश्वास ठेवावयास जागा आहे.

असे असता नगर-मनमाड, नगर-पुणे वा नगर-सोलापूर रस्त्यांच्या अभियानास आम्ही काही साधे प्रश्न विचारू. गळिताच्या हंगामात उसाच्या वाहनांवर मागून आदळून किती माणसे मेली, याचा गेल्या पाच वर्षांचा आकडा वेगळा काढला आहे काय? काही कारखान्यांनी परावर्तक पट्टीवाचून ट्रॉली आत घ्यावयाची नाही असा नियम कसोशीने पाळला, व काहींनी पाळला नाही, तर दोन्ही ठिकाणच्या रस्त्यांवर फरक दिसला काय? अपघातांची नोंद मोबाइलवर करण्याची जी एकत्रित पद्धत २०२१ पासून आली, आणि जिच्या पहिल्या काही राज्यांत महाराष्ट्र होता, तिच्यात पोलिसांबरोबर रस्त्याच्या इंजिनियरांनीही आपला भाग भरावयाचा असतो. तो भाग भरला जातो काय, आणि भरल्यावर कोणी वाचतो काय? हे प्रश्न विचारण्यास फार विद्वत्ता लागत नाही. उत्तर प्रतिकूल आले तरी ते जाहीर करण्याचे धैर्य मात्र लागते.

त्या समारंभानंतर आमच्यापुढे अहवालाचा छापील नमुना आला होता. उपस्थितांची संख्या, वाटलेल्या पत्रकांची संख्या, काढलेली छायाचित्रे, असे रकाने त्यात होते. परीक्षकांच्या अभिप्रायास दोन ओळींची जागा होती. दरवर्षी तेथे आम्ही "कार्यक्रम उत्तम झाला" असे लिहून सही करीत असू. त्या वर्षी आम्ही त्या शेतकरी गृहस्थांचा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, तेथे उतरवून ठेवला. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. पुढील जानेवारीत पुन्हा नमुना येईल, तेव्हा तो प्रश्न आम्ही पुन्हा लिहू. आणि आमच्या वाचकांपैकी ज्यांच्यापुढे असे नमुने येत असतील त्यांनीही, सही करण्यापूर्वी, आपल्या रस्त्यावर या वर्षी किती माणसे गेली आणि कशाकशाने गेली, एवढे विचारून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.